एकमेव प्रायोजक

लोक वकिलाकडे सही करून झाल्यावर येतात. नाशिकच्या कोर्टात माझी निम्मी हयात वाटपाचे दावे, न वटलेले चेक आणि भाडेकरूंची भांडणं यांत गेली, पण "मॅडम, यावर सही करू का?" असं आधी विचारायला आलेली माणसं फार थोडी. त्यामुळे आमच्या बाई माझ्या टेबलासमोर बसल्या, पिशवीतून लिफाफा काढून "अगं, हे जरा बघतेस का, काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय," असं म्हणाल्या, तेव्हा लिफाफा न उघडताच मी विचारलं, "सही कधी केलीत?"

"उन्हाळ्यात."

"आणि मला आत्ता दाखवताय?"

"तू दिवसभर कोर्टात असतेस. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी तुला कशाला त्रास."

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका. मला खो-खो त्यांनी शिकवला. गुडघा दुखावेपर्यंत मी त्यांच्या संघातून धावले. आता माझ्याच हाताखाली दोन ज्युनियर आहेत, तरी बाई समोर आल्या की मी खुर्चीत सरळ बसते. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, यात्रेला जातात. बाईंनी पंचवटीतल्या एका मैदानावर मुलींचा संघ उभा केला. मुली बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या. त्यांचे आईबाप भात काढून झालं की द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे उतरतात आणि मुली मैदानामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहून कॉलेज करतात. सकाळी मैदान, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत मैदान. बाई त्यांच्यावर ओरडतात तेव्हा आवाज गोदाघाटापर्यंत जात असावा.

लिफाफ्यात मुंबईच्या वकिलांची नोटीस होती. त्यांची अशील एक कंपनी. दुधात घालून प्यायची चॉकलेटी पावडर विकते आणि डब्यावर ताकदीची मोठमोठी आश्वासनं छापते. या कंपनीनं बाईंच्या संघाला प्रायोजकत्व दिलं होतं. खोल्यांचं भाडं, बूट, प्रवास, स्पर्धांची फी, सगळं कंपनीचं. बदल्यात जर्सीवर कंपनीचं नाव, मैदानाच्या कडेला कंपनीचा कापडी फलक, आणि जाहिरातीत मुलींचे फोटो. करार इंग्रजीत होता आणि चांगला जाडजूड होता. बाईंनी तो वाचलाच नाही असं नाही. "वाचला गं. पण निम्म्यानंतर सगळं सारखंच वाटायला लागलं," त्या म्हणाल्या.

खरी मेख त्या निम्म्यानंतरच होती. तिथे लिहिलं होतं की खाण्यापिण्याच्या वस्तूंपुरती ही कंपनी संघाची एकमेव प्रायोजक राहील. त्या प्रकारचा धंदा करणाऱ्या दुसऱ्या कुणाचंही नाव, चिन्ह किंवा माल संघाच्या मैदानावर, कपड्यांवर, कार्यक्रमात दिसणार नाही. खेळाडू असा माल चारचौघांत पिताना-खाताना दिसणार नाहीत. कलम नेहमीचंच आहे. मोठ्या संघांचे करार असेच असतात आणि ते पाळायला त्यांच्याकडे पगारी माणसं असतात. बाईंकडे होता त्यांचा स्वभाव आणि आपल्याकडची सत्काराची खोड.

ती खोड मला आधी सांगितली पाहिजे. आपल्याकडे सत्कार केल्याशिवाय कुठलीही गोष्ट सुरू होत नाही. बोअरला पाणी लागलं तरी सत्कार होतो, आणि नाही लागलं तरी खड्डा खणणाऱ्याचा होतो. त्यात एक अलिखित नियम असा, की कुणालाही वगळायचं नाही. ज्यानं खुर्च्या दिल्या त्याचं नाव घ्यायचं, ज्यानं त्या उचलायला टेम्पो दिला त्याचंही घ्यायचं. एक नाव राहिलं तर तो माणूस पुढची पाच वर्षं दुसरीकडे तोंड करून जातो. आणि दुसरा नियम असा, की मोठ्या पाहुण्याचा नुसता सत्कार करून भागत नाही. त्याच्या हस्ते इतरांचे सत्कार करवून घ्यायचे असतात. तो त्याचा मान.

नव्या जर्सीच्या अनावरणाला बाईंनी असाच साग्रसंगीत कार्यक्रम केला. फ्लेक्सवर मध्ये संघाचा फोटो, वर कंपनीचं नाव तिला हवं तेवढं मोठं, आणि खाली 'विशेष सहकार्य' म्हणून गोल गोल चेहरे. दुखापतीला पट्ट्या देणारा औषधवाला, मुलींना स्टँडवर सोडणारा रिक्षावाला, मखमलाबादकडची भाजी पिकवणारी दोन कुटुंबं. आणि सगळ्यांत मोठ्या गोलात आमचे दूधवाले काका.

काकांची पंचवटीतल्या एका बोळात डेअरी आहे. संघात जेमतेम खेळण्यापुरत्या मुली होत्या तेव्हापासून ते रोज सकाळी मैदानावर दुधाची किटली आणून ठेवतात. कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मुली दूध पितात, काका कठड्यावर बसून सराव बघतात आणि अधूनमधून न विचारता सल्ले देतात. आता त्यांच्या मुलानं मसाला दुधाच्या बाटल्या काढल्या आहेत, लेबल लावून. फ्लेक्सवर काकांच्या छातीपाशी ती बाटली होती. ही पोराची हौस.

कार्यक्रमाला कंपनीचे विभागीय अधिकारी आले. भला माणूस. सूत्रसंचालकानं खणखणीत आवाजात पुकारलं, "यानंतर आपल्या संघाचे खरे पाठीराखे, दूधवाले काका, यांचा सत्कार प्रायोजक कंपनीच्या साहेबांच्या हस्ते होईल." साहेबांनी काकांना शाल पांघरली, नारळ दिला. काकांना गहिवरून आलं. गहिवर आला की काका समोरच्याला दूध पाजतात. त्यांनी पिशवीतून मसाला दुधाची थंडगार बाटली काढली, साहेबांच्या हातात दिली आणि साहेबांनी व्यासपीठावर, कंपनीच्या नावाखाली उभं राहून ती रिकामी केली. वर अंगठाही दाखवला. मुलींनी तो फोटो संघाच्या सोशल मीडियाच्या पानावर टाकला आणि कंपनीला कळावं म्हणून तिचं नाव आवर्जून जोडलं.

कंपनीला कळलं.

हे सगळं ऐकून मी कपाळावर हात मारला. नोटिशीत म्हटलं होतं की कराराचा भंग झाला आहे, तो तातडीनं दुरुस्त करा, नाहीतर करार रद्द समजा.

"रद्द झाला तर झाला," मी चिडून म्हणाले. "त्यांच्या पावडरीवाचून कुणाचं अडतंय?"

"खोल्या जातील," बाई म्हणाल्या. "बाकीच्या मुलींचं काहीतरी करता येईल. पण हिचा बाप वाटच बघतोय."

ही म्हणजे संघाची कॅप्टन. पेठच्याही पलीकडच्या पाड्यावरची. बोलायला कमी, धावायला वाऱ्यासारखी वगैरे म्हणतात तसली नाही; हिचं सगळं कसब वळण्यात. समोरचीला वाटतं आता हातात आली, आणि ही भलतीकडेच असते. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं आणि खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जायचं असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी राज्यपातळीचं खेळायला हवं. बापानं स्पष्ट सांगितलं होतं, नाशिकला राहण्याची सोय आहे तोवर राहा, सोय गेली की घरी ये. घरी स्थळ बघून ठेवलेलं होतं. करार मोडला की तिचा खेळ संपणार होता, इतका हा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. फ्लेक्स अजून तिथेच, दोरीनं आवळून बांधलेला. "उतरवला का नाही?" मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते. फ्लेक्सवरून माणसाचा चेहरा उतरवणं आपल्याकडे सोपं नसतं. तेवढ्यात काका किटली घेऊन आले. त्यांना बातमी लागली होतीच.

"काढा की माझं नाव. आजच काढा," ते म्हणाले. "पण मला एक सांगा वकीलबाई, मी काय चोरी केली का? त्या सायबानं माझ्या हातची बाटली पिली. सगळी पिली. लय भारी हाय म्हनला. आन् आता माझ्यावर कागद धाडतो?"

"कागद तुमच्यावर नाही काका, बाईंवर आहे."

"एकच झालं ना ते."

ते किटली ठेवून कठड्यावर न बसताच निघून गेले. त्या दिवसापासून दूध येत राहिलं, पण रिक्षातून. काका यायचे बंद झाले. आणि मुली दूध खोलीत, दार लावून प्यायला लागल्या. गुजरातच्या हद्दीत जशी दारू पितात तसं. मी एकदा अचानक गेले तर कॅप्टननं पेला पाठीमागे लपवला. ओठांवर दुधाची मिशी तशीच. मला हसू आलं आणि पाठोपाठ इतका राग आला, की त्याच दुपारी ऑफिसात बसून मी नोटिशीचं उत्तर लिहून टाकलं.

उत्तरात मी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, ज्या सत्काराबद्दल कंपनीची तक्रार आहे तो कंपनीच्याच अधिकाऱ्यानं हसतमुखानं केला. दुसरी, संघातल्या काही मुली अठरा वर्षांच्या झालेल्या नाहीत आणि त्यांचे फोटो जाहिरातीत वापरताना कंपनीनं आईबापाची संमती घेतलेली नाही. तिसरी मला पंचवटी कारंजाजवळच्या एका दुकानाबाहेर सापडली. तिथे कंपनीचं पोस्टर होतं, त्यावर आमची कॅप्टन, आणि तिच्या तोंडी वाक्य की लहानपणापासून ती हीच पावडर पीत आली आहे. मी तिला विचारलं, "लहानपणी काय प्यायचीस गं तू?" ती म्हणाली, "नागलीची आंबील." वापरलेली नसताना वस्तू वापरली असं खेळाडूच्या तोंडून वदवणं म्हणजे ग्राहकांची फसवणूक, आणि त्याचे नियम अलीकडे बरेच कडक झालेत.

मग व्हिडिओवर बैठक झाली. पलीकडे कंपनीच्या वकील, माझ्यापेक्षा बऱ्याच तरुण, चटपटीत, मुद्देसूद. मला त्या आवडल्या, हे मी त्यांना अर्थातच जाणवू दिलं नाही. त्यांनी एकमेव प्रायोजकाचं कलम वाचून दाखवलं. मी तो फोटो स्क्रीनवर लावला.

त्या जरा पुढे झुकल्या. "ती बाटली आमची आहे का?"

"नाही. बाटली त्यांची आहे. पिणारा माणूस तुमचा आहे."

मी संधी सोडली नाही. "आणि तुमच्या डब्यावर लिहिलंय, दुधात मिसळून प्या. आमच्या मुली मिसळतात. दूध कुणाचं असावं ते डब्यावर कुठे लिहिलेलं नाही."

त्यांना हसू आवरलं नाही. तिथून सूर बदलला. शेवटी असं ठरलं की करार पुढच्या हंगामापर्यंत चालू राहील. खोल्या राहतील. पोस्टरवरचं वाक्य निघेल, लहान मुलींच्या आईबापांच्या सह्या रीतसर घेतल्या जातील. आमच्या बाजूनं फ्लेक्स उतरेल. आणि करार चालू असेपर्यंत संघातलं कुणीही, माइकवर किंवा मोबाइलवर, खाण्यापिण्याच्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन जाहीर आभार मानणार नाही. पुन्हा भंग झाला तर मात्र चर्चा नाही, करार तिथेच संपेल.

मी होकार दिला. मला वाटलं, स्वस्तात सुटलो. साहेबांची मुंबईत कानउघाडणी झाली म्हणे, पण नोकरी शाबूत राहिली.

संध्याकाळी मी मैदानावर जाऊन मुलींना सगळं समजावून सांगितलं. मनातून मी खूश होते. केस लढून कॅप्टनची खोली वाचवली होती, आणि कुणीतरी तसं म्हणावं अशी माझी अपेक्षाही होती. मुली ऐकत राहिल्या. मग कॅप्टननं हात वर केला.

"मॅडम, बक्षीस घेताना माइकवर काय बोलायचं?"

"कंपनीचे आभार मानायचे. बाईंचे मानायचे, आईवडिलांचे मानायचे, आणि खाली यायचं."

"आन् काका?"

"काकांना घरी जाऊन सांगायचं."

तिनं थोडा विचार केला. "घरी सांगितलेलं कोनाला ऐकू जातं?"

"तुला खोलीत राहायचंय ना?" मी तडकून म्हणाले. "मग जेवढं सांगितलं तेवढं बोल."

तिनं मान हलवली. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. घडी घालून बाईंनी तो खोलीत पलंगाखाली ठेवला. काकांना ते कुणीतरी सांगितलं असणार, कारण मी डेअरीवर दही घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं काढला. आता आपला काय संबंध नाय त्यांच्याशी." दही मात्र त्यांनी नेहमीपेक्षा जास्त दिलं.

राज्यपातळीची स्पर्धा त्या हंगामात नाशिकलाच झाली. आमच्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या आणि हरल्या. थोडक्यात हरल्या, पण हरल्याच. मी घसा बसेपर्यंत ओरडले आणि पंचांना दोनदा नको ते बोलले. कॅप्टनला मात्र स्पर्धेतल्या सर्वोत्तम संरक्षकाचं बक्षीस मिळालं. ते द्यायला मंचावर कंपनीचे तेच साहेब होते. या वेळी त्यांच्या हातात पाण्याचीसुद्धा बाटली नव्हती.

कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला. स्पर्धा मोबाइलवर थेट दाखवत होते आणि मुंबईत कुणीतरी ते बघत असणार, हे मला माहीत होतं. मी बाईंच्या शेजारी, दुसऱ्या रांगेत बसले होते.

"मी कंपनीचे आभार मानते," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं. "आमच्या बाईंचे मानते. आईबापाचे मानते." मी सुटकेचा श्वास सोडला. ती माइक परत द्यायला वळली, आणि सामन्यात वळते तशीच ऐन वेळी परत फिरली.

"आन् ज्यांचं नाव घ्यायचं नाय असं वकील मॅडमनी सांगितलंय, त्यांचे बी आभार. ते रोज येत होते. आता येत नाय."

आधी कलम डोळ्यांपुढे उभं राहिलं, मग तिची खोली, मग तिचा बाप. या मुलीनं सगळं पणाला लावलं होतं, आणि कशासाठी, तर मी ज्याला आभार म्हणून एका ओळीत निकालात काढलं होतं त्यासाठी. मला तिचा भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचा आठवडा मी नोटिशीची वाट बघत काढला. नोटीस आली नाही. फोन मात्र आला, त्या मुंबईच्या वकिलांचा.

"बोलली ती मुलगी. मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "साहेबांचं म्हणणं आहे की ते मंचावर होते आणि त्यांना आक्षेपार्ह काही ऐकू आलं नाही. तसं त्यांनी लेखी दिलंय. मी फाइल बंद करतेय."

मुलगी अजून त्याच खोलीत राहते. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. पण हे सगळं नंतर कळलेलं. तिनं माइक खाली ठेवला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मग पंचवटीच्या बाजूची माणसं, ज्यांना ठाऊक होतं ती, एकेक करून मागे वळली. तिकडे दुचाक्या लावलेल्या कुंपणापाशी, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेतानं, काका उभे होते. टाळ्या सुरू झाल्या. एवढे लोक आपल्या दिशेनं तोंड करून टाळ्या वाजवताहेत हे बघून काका गोंधळले, आणि आपल्या मागे कोण मोठा माणूस येऊन उभा राहिलाय ते बघायला त्यांनी मान वळवली.